सुताराचा हात आणि त्याची जोखीम



आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत प्रभू विश्वकर्म्याचे माहात्म्य, पूर्वजांनी घडविलेले रथ व वाडे, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार आणि वधूवरांची माहिती ह्यांस मानाचे स्थान असते, व ते योग्यच आहे. यंदा इतिहासावर काही लिहावे अशी संपादक मंडळाची सूचना आली. त्यावेळी आम्ही नुकतेच एका घरगुती तंट्यातून मोकळे झालो होतो. त्या तंट्याने आम्हांस जो प्रश्न घातला त्याचाच इतिहास येथे मांडावा असे मनाने घेतले. सुताराचे बोट तुटले तर त्याचा भार कोणी सोसावा, आणि सुताराने केलेल्या वस्तूने दुसऱ्याचे बोट तुटले तर तो भार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

हकीकत अशी. आपल्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक गृहस्थ पोळपाट व चॉपिंग बोर्ड तयार करून पुण्याच्या व्यापाऱ्यास पाठवितात. दुकानात ते स्वतः, त्यांचा मुलगा, एक रंधा मारणारा गडी व बहिणीचा मुलगा, अशी चार माणसे. भाच्यास वीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. एके दिवशी सागाच्या फळीतून पाऊण इंच रुंदीच्या पट्ट्या चिरीत असता फळी मागे उसळली, हात पात्यावर गेला, आणि उजव्या हाताची तर्जनी व मध्यमा मुळापासून गेली. बीडच्या दवाखान्यात जखम बरी झाली. मग दोन घरांत बोलणे बंद झाले. मामा म्हणत, पात्यावरचे झाकण पोराने स्वतःच्या हाताने काढले. मुलाचे वडील म्हणत, झाकण असता बारीक पट्टी निघत नाही, म्हणून ते काढून ठेवण्याची मामाचीच आज्ञा होती. दोघेही खरे बोलत असावेत. दोन्ही पक्षांनी मंडळाच्या चार वडीलधाऱ्या माणसांस बोलाविले. त्यांत आम्ही होतो.

ह्या चार माणसांत प्रथम जी चर्चा झाली ती जुन्या काळाची झाली. म्हातारी माणसे एकत्र आली की तसे होतेच. परंतु त्या चर्चेतून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती अशी की जुन्या व्यवस्थेत हा तंटा उभाच राहिला नसता.

आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी खेड्यातील सुताराचा व्यवहार बराच काळ बलुत्यावरच चालू होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' ह्या ग्रंथात बलुतेदारांची व्यवस्था तपशिलाने सांगितली आहे. त्या व्यवस्थेत सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार. नांगर, वखर, तिफण, जू ही अवजारे मृगापूर्वी नीट करून द्यावयाची व सुगीस खळ्यावरून धान्य घ्यावयाचे. गाडी, दारे-खिडक्या, खाट, पाट ह्यांची मजुरी निराळी.

आता ह्यातील दोन गोष्टी आजच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्याव्या. पहिली अशी की लाकूड शेतकऱ्याचे असे. बांधावरची बाभूळ त्याने तोडावी, पावसा-उन्हात मुरवावी आणि सुतारापुढे आणून टाकावी. लाकूड किडके निघाले, गाठीशी चिरले, तर तो दोष लाकूड आणणाऱ्याचा. सुताराकडे दोष येई तो सांध्याचा. आणि सांधा सुटला तर तो वर्षभर फुकट बसवून देणे हा बलुत्याचाच भाग होता. आज दुकानदार ज्यास हमी म्हणतात ती त्या व्यवहारात न बोलता अंतर्भूत होती. सुतार गावातच राहत असे, अवजार मोडले तर शेतकरी त्याच्या अंगणात येऊन उभा राही. ह्यापेक्षा कडक हमीपत्र कोणत्या कंपनीने दिले आहे?

दुसरी गोष्ट हाताची. जुना सुतार जमिनीवर बसून काम करी. लाकूड पायाच्या तळव्याने दाबून धरावयाचे आणि वाकस आपल्याच अंगाकडे ओढून तासावयाचे ही त्याची रीत. म्हणून जुन्या पिढीतील माणसांच्या नडगीवर व पायाच्या अंगठ्यावर वण हमखास असत. आमच्या आजोबांच्या डाव्या अंगठ्यास नख नव्हते. परंतु हातहत्याराचा घाव हा हाताच्याच बळाएवढा. तो लागला तर हळद भरावी, चिंधी बांधावी, आठ दिवस बसून राहावे. त्या आठ दिवसांत गावाचे काम अडत नसे, कारण बलुते हे माणसाचे नसून घराण्याचे होते. भाऊ बसला, चुलता बसला, काम झाले. सुगीस खळ्यावरचा वाटा जसाच्या तसा मिळाला. हात एकाचा दुखावला तरी चूल कोणाची विझली नाही.

ह्यावरून ती व्यवस्था फार गोड होती असा अर्थ कोणी काढू नये. सुताराने गाव सोडावयाचे नाही, भाव ठरवावयाचा नाही, अवर्षणात शेतकऱ्याच्या बरोबरीने उपाशी राहावयाचे, आणि जातीच्या उतरंडीतील आपली जागा ओळखून बोलावयाचे, हे सारे तीतच होते. ज्यांस गावगाड्याचे उसासे टाकावयाचे असतील त्यांनी पहिल्या ओळीतच बसणाऱ्या महार-मांग बांधवांस तो काळ कसा होता हे एकदा विचारावे.

स्वयंपाकघरातील वस्तूंविषयी दोन शब्द येथेच लिहितो, कारण आमचा मूळ विषय तोच. आपल्या घरांत भाजी चिरावयास फळी नव्हती, विळी होती. तिचे पाते लोहाराचे व पाट सुताराचा. बाई एक पाय पाटावर ठेवून बसे आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर लोटी. म्हणजे पाते स्थिर आणि हात हलता. अशा वस्तूत सारी मदार पाटावर. पाट डगमगला, किंवा लाकूड वाळून पात्याचे बूड सैल झाले, की हात कापलाच. आमच्या घरी अशी विळी सैल झाली की आजी ती लोहाराकडे न पाठविता आजोबांपुढेच आपटीत असे. आजोबा म्हणत, पाते लोहाराचे आहे. आजी म्हणे, भोक तुमचे आहे. उत्पादकाच्या जबाबदारीचा ह्याहून नेमका निवाडा आम्ही पुढे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात वाचला नाही.

पोळपाट एकाच अखंड लाकडाचा करीत, त्यासही कारण होते. त्या काळचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होई व पाण्यात विरघळे. जोडलेली फळी धुतली की सुटणार. खाटकाचा ओंडका बहुधा चिंचेचा, कारण चिंचेचे लाकूड जड, चिवट व घाव सोसणारे. बिब्ब्याच्या झाडाला मात्र जाणता सुतार हात लावीत नसे. त्याचा चीक अंगावर उततो हे सर्वांस ठाऊक होते. लाकडाची पारख ही केवळ कारागिरी नव्हती. तीत खाणाऱ्याची व करणाऱ्याची सुरक्षितताही होती.

हे जग कसे मोडले ते थोडक्यात सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली व त्यांच्या लोखंडी नांगराने लाकडी नांगराचे दिवस भरत आणले. पुढे बैलगाडीस रबरी टायर आले. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या हजारो कुटुंबांच्या गाड्याही टायरच्या झाल्या आणि आऱ्यांच्या चाकाचे काम संपले. १९७२ च्या दुष्काळात खळ्यावर धान्यच आले नाही, तेथे बलुते कोठून येणार? आपली कितीएक घरे त्या सुमारास पुणे, मुंबई व औरंगाबादेस गेली. १९७१ साली परळीस औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले आणि त्यापुढील काळात खेड्यापाड्यांत वीज पोचली. विजेबरोबर गोल करवत आली.

गोल करवतीचे पहिले इंग्लिश पेटंट १७७७ साली सॅम्युएल मिलर ह्याने घेतले होते, म्हणजे आपल्याकडे ती यावयास सुमारे दोनशे वर्षे गेली. ह्या मधल्या काळात तिकडील लोकांनी पुष्कळ बोटे गमावली आणि त्यांतून नियम केले. इंग्लंडात लाकूडकामाच्या यंत्रांसाठी निराळे नियम १९२२ साली झाले. आपल्याकडे यंत्र आले, नियम वाटेत राहिले. पुष्कळ दुकानांतील यंत्र म्हणजे लोखंडी सांगाडा, खाली मोटर, वर भोक पाडलेला तक्ता व त्यातून निघालेले पाते. झाकण नाही, पात्यामागची पाचर नाही.

ह्या पाचरीचे काम काय हे पुष्कळांस ठाऊक नसते. चिरलेल्या फळीचे दोन्ही भाग पाते ओलांडल्यावर एकमेकांकडे मिटू पाहतात; मिटले की पात्याच्या मागच्या दात्यांत अडकतात आणि फळी चिरणाऱ्याच्या पोटाकडे उसळते. पाचर त्या दोन भागांस दूर ठेवते. दहा इंच व्यासाचे पाते मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर त्याचे दाते ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने धावतात. वाकसाचा घाव हाताच्या बळाएवढा असे. हा घाव मोटरच्या बळाचा. फळी मागे फेकली जाते आणि तिच्यावर टेकलेला हात पुढे, पात्यावर पडतो. आमच्या तंट्यातील मुलाचे नेमके हेच झाले. चॉपिंग बोर्डासाठी बारीक पट्ट्या चिरून, आलटून पालटून चिकटवाव्या लागतात. म्हणून ही वस्तू दिसावयास निरुपद्रवी असली तरी ती करताना हात पात्याच्या जितका जवळ जातो तितका दार करतानाही जात नाही. रंधा यंत्रावर आखूड तुकडा धरणे हाही तसाच घातक प्रकार.

धुळीविषयी एवढेच सांगतो की लाकडाच्या भुशाची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसास निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली असून नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातील मुख्य होय. शिसव व साग ह्यांच्या भुशाने कातडीस खाज सुटते हे तर आपण सारे जाणतोच. नाकाला फडके न बांधण्यात पुरुषार्थ मानणारी मंडळी आमच्या वाचकांतही असतील.

आता कायद्याकडे वळू. वाचकांनी कंटाळू नये, कारण ह्या कायद्याचा इतिहास आपल्याच धंद्याच्या चाकांवरून धावला आहे. १८४२ साली इंग्लंडात टपालगाडीचा एक हाकणारा गाडी मोडल्याने जन्माचा लंगडा झाला. गाडी पुरविणाऱ्याने ती नीट ठेवावयाची असा त्याचा टपालखात्याशी करार होता. विंटरबॉटम विरुद्ध राइट ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात न्यायालय म्हणाले की करार टपालखात्याशी होता, हाकणाऱ्याशी नव्हता. सबब त्यास दाद नाही. मधल्या माणसाने वस्तू घेतली की करणाऱ्याची जबाबदारी संपली, असा तो न्याय.

तो न्याय उलटला एका लाकडी चाकाने. १९१० साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मॅकफर्सन नावाचा एक पाथरवट आपल्या ब्यूक मोटारीतून जात असता चाकाचे सदोष लाकडी आरे मोडले व तो जखमी झाला. मोटार त्याने दुकानदाराकडून घेतलेली; चाकही ब्यूक कंपनीने स्वतः केलेले नव्हते, दुसऱ्या कारखान्याचे आणलेले होते. कंपनी म्हणाली, आमचा संबंध दुकानदाराशी. १९१६ साली न्यायाधीश बेंजामिन कार्डोझो यांनी निकाल दिला की जी वस्तू निष्काळजीपणे केल्यास माणसाच्या जिवास धोका आहे, आणि जी विकत घेणाऱ्याखेरीज इतरांच्या वापरात येणार हे करणाऱ्यास ठाऊक आहे, ती काळजीपूर्वक करण्याचे कर्तव्य करार असो वा नसो त्याच्यावर आहेच. चाक दुसऱ्याचे होते म्हणून तपासणी टाळता येत नाही. तुंबा, आरे व धाव ज्यांच्या बोटांखालून गेली त्या आपल्या आजोबांस हा निकाल ऐकविला असता तर त्यांना त्यात नवल वाटले नसते. परंतु तो होण्यास चौऱ्याहत्तर वर्षे लागली. आजीच्या विळीचे तत्त्वही हेच होते.

हे झाले वस्तू वापरणाऱ्याचे. वस्तू करणाऱ्या मजुराचे काय? इंग्लंडात १८९७ साली व हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. आपला कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला. संस्थानातून मुक्त झाल्यावर भारतीय कायदे आपल्या जिल्ह्यासही लागू झाले. ह्या कायद्याची मोठी गोष्ट अशी की कामावर असता, कामामुळे इजा झाली एवढे पुरे. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. कोणत्या अवयवास किती टक्के, तेही परिशिष्टात लिहिलेले. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५०, दोन बोटे गेली तर २०. नशेत असताना, सुरक्षिततेचा आदेश जाणूनबुजून मोडून, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून कामगाराने इजा ओढवून घेतली तर मात्र मालक सुटतो; पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तेही कारण चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा जाऊन २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली असून तीत भरपाईचे प्रकरण त्याच तत्त्वावर आहे. कारखाना कशास म्हणावे त्याची मर्यादाही नव्या संहितांत विजेवर वीस व विजेवाचून चाळीस कामगार अशी झाली; १९४८ च्या मूळ कायद्यात ती दहा व वीस होती. म्हणजे आपली चार-पाच माणसांची दुकाने तपासनीसाच्या नजरेत पूर्वीही नव्हती व आता तर नाहीतच. परंतु कारखाना नव्हे म्हणून भरपाई नाही, हा आपल्यातील पुष्कळांचा समज चुकीचा आहे. आमच्या चार वडीलधाऱ्यांत तिघांचा तसाच समज होता.

तंट्याच्या वेळी १९२३ चाच कायदा चालू होता. आमच्यातील एकाने आपल्या पुतण्यास, जो वकिली करतो, बोलाविले. त्याने कागदावर हिशेब मांडला. भाच्यास दरमहा दहा हजार मिळत. त्याच्या साठ टक्के सहा हजार. वीस वर्षे वयाचा गुणक २२४. गुणाकार तेरा लाख चव्वेचाळीस हजार. त्याच्या वीस टक्के, म्हणजे दोन लाख अडुसष्ट हजार आठशे रुपये. मामांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "तो घरचाच मुलगा. मी त्याला पगार देत होतो का? खर्चाला देत होतो." त्यावर त्यांची बहीण, जी तोवर दाराआड उभी होती, म्हणाली, "दादा, दर महिन्याच्या पाच तारखेला देत होतास. खर्चाला देणारा तारीख पाळतो का?" मग ह्या मुद्द्यावर कोणी काही बोलले नाही.

राहिला झाकणाचा प्रश्न. अमेरिकेत बॉस्टन येथे २०१० साली असाच एक खटला चालला. फरशी बसविणाऱ्या एका कामगाराचा हात गोल करवतीत गेला होता. पाते बोटास लागताच थांबविणारी युक्ती तोवर निघाली होती, ती यंत्र करणाऱ्या कंपनीने वापरली नाही, असे त्याचे म्हणणे. पंचांनी कामगाराची स्वतःची चूक ३५ टक्के धरूनही त्यास १५ लाख डॉलर देवविले व २०११ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. आमच्यातील एका गृहस्थांस ही वाटणी फार आवडली. मामा व भाचा ह्यांतही तसेच टक्के पाडावे असे ते म्हणू लागले. वकील पुतण्याने सांगितले की आपल्या भरपाईच्या कायद्यात अशी वाटणी नाही. झाकण मुलाने मालकाचा आदेश मोडून जाणूनबुजून काढले हे सिद्ध झाले तर काहीच नाही, न झाले तर पूर्ण. त्याने मामांस एकच विचारले. झाकण कोठे आहे? ते माळ्यावर, जुन्या चौकटींच्या खाली सापडले. त्यावर धुळीचा थर होता. पोर दुकानात येऊन चौदा महिने झाले होते; धूळ त्याहून जुनी होती.

आम्ही तेथेच निवाडा करून टाकला असे मात्र कोणी समजू नये. आपले मंडळ म्हणजे जातपंचायत नव्हे. कोणास वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे व तो ठरावयासच हवा होता. आम्ही मध्यस्थी केली एवढेच. प्रथम आम्ही शंभराच्या मुद्रांकावर लिहून द्यावे असे ठरवीत होतो की दीड लाख घेतले, पुढे काही मागणे नाही. पुतण्याने तोही कागद फाडावयास लावला. कामगाराने आपला हक्क सोडून दिल्याचा करार ह्या कायद्याने मुळातच रद्द असतो. समेट करावयाचा तर त्याची नोंद कमिशनरकडे करावी लागते. तशी ती झाली. रक्कम पूर्ण ठरली. मामांनी रस्त्याकडेचा दोन गुंठ्यांचा तुकडा विकला. विमा असता तर तो विकावा लागला नसता. मालकास आपल्या कामगारांसाठी असा विमा उतरविता येतो हे त्यांस त्या दिवशी प्रथम कळले.

ह्या ठिकाणी एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. त्या दिवशी पात्यावर भाचा होता म्हणून कायदा उभा राहिला. मामांचा स्वतःचा मुलगा असता तर? त्यास पगार नाही, तारीख नाही; तो कामगार नव्हे, मालकही नव्हे. आणि आपल्या समाजातील बहुतेक दुकाने बाप-लेकांचीच आहेत. पूर्वी घराण्याचे बलुते ह्या मुलाच्या पाठीशी होते, आज काही नाही. वर्षास वीस रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत नाव घातले, तर मृत्यूस किंवा पूर्ण अपंगत्वास दोन लाख मिळतात. एक हात किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. दोन बोटांस त्यात काही नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुताराचे नाव असून प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये व पाच टक्क्यांनी कर्ज मिळते. त्या पंधरा हजारांत गडी-मुलांसाठी चष्मा, मुखपट्टी व पात्याचे झाकण बसते. मंडळाने दुखावलेल्या हातांसाठी निराळा निधी काढावा अशी सूचना आम्ही गेल्या सभेत मांडली होती. सभागृहाच्या रंगकामाचा विषय लांबल्याने ती पुढील सभेवर गेली आहे.

वस्तू वापरणाऱ्याविषयी थोडे राहिले. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला व २० जुलै २०२० पासून त्यातील उत्पादकाच्या दायित्वाचे प्रकरण अमलात आले. घडणीत दोष, रचनेत दोष, दिलेल्या हमीप्रमाणे वस्तू नसणे, किंवा वापराच्या पुरेशा सूचना व इशारे न देणे, ह्यांपैकी कशानेही इजा झाली तर करणारा जबाबदार. उलट वस्तूचा गैरवापर झाला, किंवा घेणाऱ्याने ती बदलली, तर तो सुटू शकतो. चॉपिंग बोर्ड करणारा सुतार आज लाकूड स्वतः निवडतो, डिंक स्वतः निवडतो, तेल स्वतः लावतो. बांधावरची बाभूळ आणून टाकणारा शेतकरी मध्ये राहिला नाही. म्हणून जुन्या काळी जो दोष दोघांत वाटला जाई तो आता सर्व त्याच्याच माथी आला आहे.

तेव्हा लाकूड कोठून आले हे पाहावे. परदेशी मालाच्या पेट्यांचे व पॅलेटांचे स्वस्त लाकूड पुष्कळ जण वापरतात. त्यांवर छाप असतो, एच.टी. अशी अक्षरे असली तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेले, एम.बी. असली तर मिथिल ब्रोमाइड ह्या विषारी वायूने. दुसरे स्वयंपाकघरात जाऊ देऊ नये, आणि पहिल्यावरही पूर्वी काय सांडले असेल हे कोणी सांगावे? साधा पांढरा डिंक पाण्यात टिकत नाही, जलरोधक जातीचाच घ्यावा. बाजारात मिळणाऱ्या उकळलेल्या जवस तेलात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घालतात. ते अन्नाच्या फळीस नको. जवस तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेतात, आणि कोपऱ्यात भुसा असतोच. चिंध्या पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवाव्या.

लाकडी फळी अस्वच्छ व प्लॅस्टिकची स्वच्छ, असे पुण्याच्या व्यापाऱ्यास कोणी गिऱ्हाईक सांगत असेल तर त्याने घाबरू नये. अमेरिकेत डीन क्लायव्हर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाकडाच्या फळीवर सोडलेले जंतू लवकर नाहीसे होत गेले, उलट सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकवर ते टिकून राहिले. फळी धुऊन उभी वाळवावी लागते हे मात्र खरे, आणि ते गिऱ्हाइकास लिहून द्यावे लागते. मामांनी आता प्रत्येक फळीबरोबर मराठीत चार ओळींची चिठ्ठी घालण्यास आरंभ केला आहे. पाण्यात भिजत ठेवू नये, कडक उन्हात ठेवू नये, भेग पडल्यास वापरू नये, दुकानाचा पत्ता अमुक. व्यापाऱ्यास पत्ता नको होता. मामांनी तो काढला नाही.

भाचा आज त्याच दुकानात आहे. पट्ट्या चिरण्याचे काम त्याच्याकडे नाही; गुण्या लावून आखणी करणे, लाकूड निवडणे व हिशेब ही कामे तो करतो. पेन्सिल आता डाव्या हातात असते. यंत्रास झाकण बसले, पात्यामागे पाचर बसली, आणि भिंतीच्या खिळ्यावर फळी पुढे सारावयाची एक ढकलकाठी टांगलेली असते. काठी बाभळीची आहे. पात्यास लागली तर सहज कापली जावी म्हणून ती मऊ लाकडाची असावी, असे आम्ही त्यांस दोनदा सांगितले. मामा म्हणतात, बाभळीची टिकते.